परतीच्या नळीवरची माती

ट्रक मुततो, असं आमच्या रस्त्यावर म्हणतात. किसारान गाव सोडलं की महामार्गाच्या कडेला ताडपत्रीच्या टपऱ्या लागतात. पाटी नसते, फक्त दाराशी एक नरसाळं उलटं टांगलेलं असतं. ज्याला कळायचं त्याला कळतं. ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, मालकाचं डिझेल कॅनमध्ये उतरतं, आणि उशीर का झाला असं कोणी विचारलं तर तो सांगतो, जरा मुतायला थांबलो होतो. ट्रक आणि ड्रायव्हर, दोघांनाही तो शब्द चालतो.

रविवारी चर्चमधून आल्यावर, जेवताना, माझ्या भावाने तो शब्द माझ्या नवऱ्याला लावला.

माझ्या भावाचं नाव साउत. त्याच्या घराला लागूनच ट्रकांचं यार्ड आहे. कारखान्यातून पामच्या बियांची पोती उचलायची आणि बंदरावर नेऊन टाकायची, हा धंदा. माझा नवरा पोलिन त्याच्याकडे ड्रायव्हर. सगळ्यांत नवा ट्रक पोलिनच्या हातात होता, कारण तो घरचा. ज्या ड्रायव्हरांची घरं लांब होती ते रविवारी साउतकडे आमच्याबरोबरच जेवायला बसत, त्यामुळे जे बोललं गेलं ते सगळ्यांसमोर.

"लाए," साउत म्हणाला. आमच्यात मेहुणे एकमेकांना लाए म्हणतात. त्यात माया किती आणि दटावणी किती, हे आवाजावरून ओळखायचं. "लाए, तुझी गाडी मुतते का रे?"

पोलिनने हातातला घास पानात ठेवला. "नाही, लाए."

"मग जातं कुठे डिझेल? सिहार त्याच रस्त्याने जातो. तेवढीच पोती नेतो. त्याला जाऊन-येऊन पुरतं. तुला येताना मधेच भरावं लागतं."

"घाम येत असेल गाडीला," जास्पेन म्हणाला. "लाए अंगाने भरलेला आहे, गाडीही त्याच्यासारखीच."

ड्रायव्हर हसले. जास्पेनच्या विनोदाला हसावंच लागे. तो साउतच्या बायकोचा, लामरियाचा, थोरला भाऊ. यार्डातल्या डिझेलच्या मोठ्या टाकीची किल्ली त्याच्या गळ्यात असे. सकाळी तोच पाइप धरून प्रत्येक ट्रक भरायचा आणि किती भरलं तो आकडा ओरडून सांगायचा. पंपावरची आकडे दाखवणारी काच कधीचीच फुटलेली होती.

मी म्हणाले, "इतो, टाकीच्या खालच्या बुचाला तुझं सील आहे. तोंडाला आतून जाळी आहे. मग हा काढणार कुठून?" भावाला बहीण इतो म्हणते आणि बहिणीला भाऊही इतोच म्हणतो.

उत्तर जास्पेनने दिलं. तो मला इनांग म्हणे, मी त्याला आमांग; दोन्ही मानाचे शब्द. "इनांग, तू शिकलेली बाई. इंजिन काही सगळं डिझेल पीत नाही. उरलेलं परतीच्या नळीने टाकीत परत येतं. ती नळी टाकीच्या डोक्यावर प्लास्टिकच्या कनेक्टरने बसवलेली असते. वरून हात घालायचा, कनेक्टरचे दोन कान दाबायचे, नळी ओढून काढायची आणि कॅनमध्ये सोडायची. इंजिन चालू ठेवलं की गाडी आपोआप मुतते. लहान पोरगंसुद्धा करेल."

"एवढं बारीक ठाऊक?" सिहार म्हणाला, आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावला.

साउतने भात कालवता कालवता पोलिनकडे न बघता म्हटलं, "हे बघ लाए, मला पंचायत बसवायची नाही. घरातली गोष्ट आहे. चुकलं म्हण, पुढे होणार नाही म्हण. संपलं. तसं म्हणायचं नसेल तर गाडीची किल्ली ठेव आणि जा."

किल्ली ठेवली असती तर पोलिनला या रस्त्यावर दुसरी गाडी मिळाली नसती. बाकीच्या मालकांनी एवढंच म्हटलं असतं, ज्याला बायकोच्या भावाने काढला त्याला आपण कशाला घ्यायचं. तो इतकी वर्षं ट्रक चालवत होता, दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि दुसरं काही करावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

पोलिनने तोंड उघडलं. तो काय म्हणणार होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्या आधी मी बोलले.

"मग कनेक्टर बघू या," मी म्हणाले.

"काय बघायचं त्यात?"

"जो कनेक्टर रोज उघडला जातो तो सैल असतो, घासून स्वच्छ झालेला असतो. जो कधीच उघडला नाही तो निघता निघत नाही. टाकी खाली घ्या. आमांगनी सगळ्यांसमोर तो काढून दाखवावा."

मी पामतेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर तेलाचे नमुने तपासते: आम्लता किती, पाणी किती, कचरा किती. एखादा नमुना वाईट आला तर माझ्यावर कोणी चिडत नाही. टँकर परत जातो आणि गोष्ट तिथेच मिटते. इतकी वर्षं हेच केल्यामुळे असेल, मला वाटत होतं की प्रश्न विचारला जातो तो उत्तर हवं असतं म्हणून.

"रविवार आहे," साउत म्हणाला. "राहू दे, इतो."

पण ड्रायव्हर उठले होते. त्यांना मजा वाटत होती. आणि जास्पेनलाही मागे हटता येईना, लहान पोरगं करेल असं त्यानेच म्हटलं होतं. त्याने चर्चचा पांढरा सदरा कोपरापर्यंत दुमडला आणि म्हणाला, "चला, भात गार व्हायच्या आत परत येऊ."

टाकीखाली फळी आणि जॅक लावला. पट्ट्यांचे बोल्ट गंजले होते, ते सिहारने सोडवले. टाकी हातभर खाली आली आणि तिचं डोकं दिसलं.

दिसलं म्हणजे तिथे माती दिसली. पामच्या बागांमधल्या रस्त्यांची लाल माती, तिच्यात फळांचा धागा, काजळी, सांडलेलं तेल, सगळं एकजीव होऊन बसलेलं. पावसात भिजून आणि उन्हात भाजून त्याची विटेसारखी खपली झाली होती. नळी कुठे संपते आणि कनेक्टर कुठे सुरू होतो, ते नुसत्या उंचवट्यावरून समजत होतं.

मला तिथेच थांबावंसं वाटलं. याहून जास्त काय दाखवायचं? पण जास्पेन म्हणाला, "माती काय, रोज उडते," आणि त्याने बोटांनी खपली फोडून कनेक्टरचे कान शोधले. दाबले. कान हलले नाहीत. त्याने अंगठ्याने जोर लावला, मग दोन्ही हातांनी नळी धरून ओढली. टाकी जॅकवर डुलली.

"आमांग," सिहार म्हणाला, "लहान पोरगं बोलावू का?"

कोणीतरी हसलं. जास्पेनचा चेहरा लाल झाला. "जरा बसलंय. पक्कड दे."

पक्कड घसरली. त्याने पुन्हा ओढलं, पुन्हा. सदऱ्याच्या बाहीला काळं लागलं. "स्क्रूड्रायव्हर आण, उचकटतो."

"उचकटू नका," मी म्हणाले. "कान तुटला तर उद्या तो आधीच तुटलेला होता असं ठरेल."

"मग तू काढ, इनांग."

"काढते."

मी चप्पल काढली, सारोंग गुडघ्यात धरून फळीच्या कडेला बसले. माझा हात बारीक आहे, तो आत जात होता. सिहारला ब्रश आणायला सांगितला. आधी कोरडाच ब्रश फिरवला, कारण आधीच पाणी ओतलं असतं तर चिखल कानांच्या आत शिरून बसला असता. माती पडली तशी खाली प्लास्टिकची पांढरी कडा दिसू लागली. मग टायरच्या हवेच्या नळीने फुंकर घातली. मग पाणी. मग पुन्हा हवा. मग फटीत थोडं पातळ तेल सोडलं आणि बसून राहिले.

"आता काय?" साउतने विचारलं.

"थांबायचं. तेल आत झिरपायला हवं."

लोक कंटाळले. कोणी सिगारेट पेटवली, त्याला दुसऱ्याने टाकीपासून लांब हाकललं. लामरिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जेवणाची पानं तशीच पडली होती आणि त्यांच्यावर माश्या बसल्या होत्या.

"आता ओढ," जास्पेन म्हणाला.

"ओढायचं नाही. आधी आत ढकलायचं."

"बाहेर काढायचं ते आत ढकलायचं? शाळेत हे शिकवलं का?"

या कनेक्टरच्या आत दोन दात असतात. नळी ओढली की ते दात तिच्या गळ्यातल्या कंगोऱ्यात आणखी रुततात. जितका जोर तितकी पकड घट्ट. म्हणून आधी नळी आत ढकलायची, दातांवरचा ताण जाऊ द्यायचा, मग कान दाबायचे. ताण गेला की कान आपण होऊन दबतात. मी ढकललं. करकर असा बारीक आवाज झाला, आतली वाळू सरकल्यासारखा. कान दाबले. ते दबले, पण नळी आली नाही.

ती येणार नाही हे मला माहीत होतं. आतल्या रबरी रिंगने तिला धरलं होतं. आमच्याकडच्या डिझेलमध्ये पामतेलापासून केलेलं तेल मिसळतात. माझ्या प्रयोगशाळेतून गेलेलं तेल फिरून फिरून याच टाकीत येतं. त्याने रबर फुगतं. आणि ते एका जागी वर्षानुवर्षं राहिलं की त्याचा डिंक होतो. फुगलेलं रबर, त्यावर डिंक, त्यावर माती. मी कान दाबून धरले आणि सिहारला नळी ओढायला नाही, नुसती फिरवायला सांगितली. केसभर इकडे, केसभर तिकडे. पुन्हा तेलाचा थेंब. पुन्हा आत. पुन्हा फिरव. माझा अंगठा बधिर झाला. सिहारचा घाम माझ्या मनगटावर पडत होता.

"नळी हलतेय, ताई," तो हळूच म्हणाला.

मग ती आली. हिरडीतून दात निघावा तशी, छोटासा ओला आवाज करत. डिझेलचा पातळ ओघळ माझ्या हातावरून गेला.

मी नळी उजेडात धरली. तिच्या टोकाला डिंकाचं कडं होतं, मधाच्या रंगाचं, काचेसारखं, कुठेही न तुटलेलं. रिंग फुगून चपटी झाली होती. मी ते साउतला दाखवलं, मग जास्पेनला, मग एकेका ड्रायव्हरला. त्यांना फार सांगावं लागलं नाही. आयुष्यभर गाड्यांखाली झोपणारी माणसं ती. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने नखाने ते कडं टोकरून बघितलं आणि म्हणाला, "गाडीच्या कारखान्यात बसवल्यापासून हे कोणी उघडलेलं नाही."

साउतने नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

पोलिन ट्रकच्या चाकाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघून हसले. तो हसला नाही.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. सगळं सांगून झालं होतं. पण माझ्या डोक्यात हिशेब अर्धा राहिला होता आणि तो मला सोडवेना. सील शाबूत, जाळी शाबूत, कनेक्टर शाबूत. टाकीला भोक नाही. मी हात पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग जे बाहेर गेलंच नाही ते आत आलंच नसणार."

कोणी जास्पेनकडे बघितलं नाही. इतक्या माणसांपैकी एकानेही बघितलं नाही, त्यावरूनच माझ्या लक्षात आलं की काय झालंय. जास्पेन गळ्यातली किल्ली सदऱ्याच्या आत सारून बाही खाली ओढत होता. लामरिया दारातून आत गेली आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला.

"टाकी वर चढवा," साउत म्हणाला. "आणि जेवून घ्या."

घरी जाताना पोलिन स्कूटर चालवत होता आणि मी मागे बसले होते. मी म्हटलं, "झालं ना आता?" तो म्हणाला, "हं." मला वाटलं, दमलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी साउत कारखान्याच्या फाटकावर आला. तो कधी तिथे येत नसे. आम्ही पहारेकऱ्याच्या खोलीमागे पामच्या सावलीत उभे राहिलो. त्याने माझ्यासाठी तळलेली केळी आणली होती, कागद तेलकट झाला होता.

"इतो," तो म्हणाला, "शाळेत तुला इतकं शिकवलं, त्यात गप्प बसायचं नव्हतं?"

"तूच विचारलंस ना, डिझेल जातं कुठे?"

"मी पोलिनला विचारलं होतं."

"मी उत्तर दिलं."

"ते उत्तर मला ठाऊक होतं."

मी केळ्याचा तुकडा कागदावर परत ठेवला.

"कधीपासून?"

"बऱ्याच दिवसांपासून. सिहारच्या गाडीत, बाकीच्यांच्या गाडीत तो मापात भरतो. ते परके आहेत, ते बोंब मारतील. पोलिनच्या गाडीत कमी भरतो. पोलिन बोलणार नाही हे त्याला माहीत आहे."

"आणि तू?"

साउतने रस्त्याकडे बघितलं. फळांनी भरलेला एक ट्रक फाटकातून आत येत होता, त्याची धूळ आमच्यावर आली. "तो लामरियाचा भाऊ आहे. माझ्या बायकोचं माहेर. तुला सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं. आम्हा बाताक लोकांत मुलगी देणारं घर वर आणि घेणारं घर खाली. बायकोच्या माहेरच्या माणसापुढे आम्ही मान वर करत नाही. त्याचा आशीर्वाद लागला तर पोरं जगतात, शेतं पिकतात असं मानतात. त्याला दुखावलं तर काय होतं ते सांगायला प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. पोलिनला साउत जसा, साउतला जास्पेन तसा.

"त्याला चोर म्हणू?" साउत म्हणाला. "माझ्या पोरांच्या मामाला? उद्या पोरीचं लग्न काढलं तर तो मांडवात येणार नाही. मग लग्न कसलं?"

"म्हणून पोलिनला म्हटलंस."

"कोणाला तरी म्हणायलाच हवं होतं. डिझेल कमी पडतंय हे सगळ्या यार्डाला दिसत होतं. पोलिनला म्हटलं, तिथेच मिटलं असतं. तो चुकलं म्हणाला असता, मी माफ केलं असतं, जास्पेनला समजलं असतं की मला समजलंय, आणि त्याने महिनाभर तरी हात आवरला असता. कोणाचं काही गेलं नसतं."

"पोलिनचं गेलं असतं."

"पोलिन आमचा जावई आहे, इतो. जावयाने सोसायचंच असतं." मग आवाज बदलून तो म्हणाला, "आता जास्पेन म्हणतोय, मला भरल्या यार्डात तुझ्या बहिणीने नागडं केलं. तो किल्ली टाकून गावी निघालाय. लामरिया सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. तुम्ही दोघं येत्या रविवारी मांस घेऊन या. त्याच्यासमोर ठेवा. पोलिनला चार शब्द बोलू दे. नाही तर मला पोलिनला ठेवता येणार नाही, तो निर्दोष असला तरी."

तो निर्दोष असला तरी, हे तो अगदी सहज बोलला, पाऊस आला तरी म्हणावं तसं.

घरी पोलिन मागच्या दारी कोंबड्यांना कोंडा टाकत होता. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो कोंड्याचं भांडं फेकेल. त्याने ते रिकामं करून उपडं ठेवलं.

"डुक्कर कोणाकडून घ्यायचं? सिनागा खाटकाकडे बघतो," तो म्हणाला.

"पोलिन, तू काही केलेलं नाहीस. सगळ्यांनी बघितलं."

"हो."

"तुला आश्चर्य वाटलं नाही? जास्पेनचं?"

तो हात धुवायला नळाशी गेला. "सकाळी टाकी भरली की डिझेलचा काटा कुठे येतो ते मला दिसतं ना, रुमोंदांग. ड्रायव्हर आहे मी."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाला?"

नळ चालूच होता.

"काल मी चुकलं म्हणणारच होतो," तो म्हणाला. "तोंड उघडलं होतं. दोन शब्द होते. तेवढ्यात तू कनेक्टरचा विषय काढलास." तो रागावून बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू माझ्यासाठी केलंस. मला माहीत आहे."

म्हणजे साउतला ठाऊक होतं, पोलिनला ठाऊक होतं, सिहारला ठाऊक होतं, लामरियाला तर असणारच. प्रश्नाला प्रश्न समजणारी मी एकटी होते.

रविवारी आम्ही गेलो. मांस रीतीप्रमाणे शिजवलं होतं, डोकं, बरगड्या, शेपटी आपापल्या जागी मांडलेली. पोलिनने सगळ्यांत चांगला सदरा घातला होता आणि खांद्यावर विणलेलं उपरणं घेतलं होतं. चटईवर वरच्या बाजूला जास्पेन, त्याच्या शेजारी साउत आणि लामरिया. आम्ही खाली. ड्रायव्हर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनाही बोलावलं होतं, कारण अपमान त्यांच्यासमोर झाला होता.

पोलिन गुडघ्यांवर बसून बोलला. म्हणाला, आम्ही लहान, आमची जीभ लहान, तिला वजन कळत नाही. जी गोष्ट घरात राहायची ती आमच्यामुळे यार्डात गेली. आमच्यामुळे म्हणाला, माझं नाव घेतलं नाही. मग थाळी दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

जास्पेनने लगेच हात लावला नाही. तो थाळीकडे बघत म्हणाला, "मी मनात काही ठेवत नाही. मोठ्यांनी ठेवायचं नसतं." मग त्याने बरगडीचा तुकडा उचलला. लामरियाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि नणंदेला मारतात ती हाक मारून म्हणाली, "एदा, भात घे ना आणखी."

त्यांच्याकडून आम्हाला मासा आला, हळदीत आणि मसाल्यात शिजवलेला अख्खा मासा, आम्हा दोघांकडे तोंड करून ठेवलेला. मग साउतने ताटलीतले तांदळाचे दाणे मुठीत घेऊन पोलिनच्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाला, "तुझा जीव या दाण्यासारखा टणक राहो." ते झाल्यावर त्याने ताटली जास्पेनपुढे धरली. जास्पेन उठला, त्यानेही मूठभर दाणे घेतले. किल्ली त्याच्या गळ्यात परत आली होती. तो वाकला तशी ती पोलिनच्या कपाळासमोर लोंबू लागली.

"हात सरळ राहो," जास्पेन म्हणाला, आणि दाणे टाकले.

पोलिन मान खाली घालून बसला होता. काही दाणे त्याच्या कानामागे अडकले. सिहार भिंतीपाशी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मला तिथे पुन्हा काही बोलता आलं असतं. मी मासा खाल्ला. काटे नीट वेगळे करून पानाच्या कडेला ठेवले.

पोलिनची नोकरी राहिली. ट्रकही तोच राहिला. जास्पेनने काही दिवस खरंच मापात भरलं असावं, कारण पोलिन येताना मधे थांबत नव्हता. मग पुन्हा थांबू लागला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. स्कूटरवरून यार्डासमोरून जाताना एकदा मी जास्पेनला एका नव्या ड्रायव्हरला सांगताना ऐकलं, "त्या गाडीचं काय, तिची परतीची नळी आता दोन बोटांनी निघते. सगळ्यांसमोर तेल घालून मोकळी केली की आमच्या शिकलेल्या बाईने." तो नवा हसला.

आणि ते खरं होतं. नवी रिंग मीच आणून बसवली होती. कनेक्टर धुऊन, पुसून, टक असा आवाज येईपर्यंत दाबून बसवला होता. जे काही सिद्ध होत होतं ते त्या मातीत आणि त्या डिंकात होतं, आणि ते मीच ब्रशने झाडून काढलं होतं. आता ती नळी कोणीही काढली असती तरी तिच्यावर काही उमटलं नसतं, आणि कोणीच काढली नसती तरी उमटलं नसतं.

एका सुट्टीच्या दिवशी पोलिनला डबा द्यायला यार्डात गेले. ट्रक उभा होता, पोलिन दिसत नव्हता. मग टाकीच्या वरून त्याचे हात दिसले. तो फळीवर पोटावर पडला होता. शेजारी नारळाच्या करवंटीत कालवलेली लाल माती. ती बोटाने घेऊन तो कनेक्टरवर थापत होता, कानांच्या फटीत भरत होता, अंगठ्याने दाबत होता. मला बघून तो थांबला नाही.

मी डबा चाकावर ठेवला.

"अशी धरणार नाही ती," मी म्हणाले. "वाळली की पडेल. ओढलं तर नळी तशीच निघेल."

"पुन्हा विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं. मग काय लावू?"

तो खरंच विचारत होता. त्याला उत्तर हवं होतं.

"आतून डिंक लागतो," मी म्हणाले. "जुनं तेल घे, टाकीच्या तळाचं. त्यात तांब्याची तार टाक. पत्र्यावर उन्हात ठेव, उघडं. घट्ट झालं की रिंगला लावायचं, मग नळी बसवायची, मग वरून माती." माझा आवाज कारखान्यात नव्या मुलींना शिकवते तसाच येत होता. "वेळ लागेल."

"लागू दे," पोलिन म्हणाला. "ही नोकरी आहे तोवर वेळच आहे."

त्याने कनेक्टरवरची माती पुसली, त्याचे कान दाबले आणि नळी काढून माझ्या हातात दिली.